मार्डनच्या म्हाताऱ्यावरची पैज

सेंट वर्बर्ग कॉलेज, केंब्रिज
४ मार्च १८५७

प्रिय मिस पेल,

आपलं पत्र पोचलं. आपल्या काकांचा खोकला ओसरला हे वाचून समाधान वाटलं. समाधान हा शब्द मी पुरता विचार करून वापरतो आहे. तो खरा आहे आणि अपुराही आहे. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

इथे विशेष काही नाही. ग्रीक अव्ययांवरच्या माझ्या ग्रंथाचा दुसरा खंड हळूहळू पुढे सरकतो आहे. नदीचं पाणी चढून कॉलेजच्या तळघरात शिरलं, तेव्हा पोर्ट वाइनच्या बाटल्या वर आणाव्या लागल्या. जे फेलो चर्चच्या दोन पायऱ्या चढताना धापा टाकतात, ते त्या दिवशी जिना हरणासारखे चढले.

मी आपली आठवण काढतो का, असं आपण विचारलं आहे. काढतो. सकाळच्या प्रार्थनेनंतर आणि पुन्हा संध्याकाळी फिरायला गेल्यावर. जेवणाच्या मेजावर मात्र नाही. तिथे जो बाईमाणसाचं नाव घेईल त्याने सगळ्यांना वाइन पाजायची हा आमचा जुना दंडक आपल्याला माहीत आहेच.

काकांना नमस्कार सांगावा. अर्थात कॉलेजच्या वतीने.

आपला नम्र,
ए. थर्लबी


लिटल मार्डन, नॉरफोक
९ मार्च १८५७

प्रिय ऑगस्टिन,

लग्न ठरून चौदा वर्षं झालेल्या बाईला कुणी "मिस पेल" लिहितं का? टपालवाल्याने पत्र फोडून वाचलं तर त्याला वाटेल, तुम्ही माझे वकील आहात आणि खटला हरत आला आहे.

समाधान म्हणे! आपली अवस्था एकदा सरळ शब्दांत लिहूनच टाकते. मला वेड लागलेलं नाही, एवढी तरी त्याने माझी खात्री पटेल. तुम्ही फेलो, कॉलेजच्या खर्चाने राहणारे पंडित. फेलोने लग्न केलं की फेलोशिप गेली, खोल्या गेल्या, पोट गेलं. सुटकेची वाट एकच. कॉलेजच्या मालकीची जी गावोगावची चर्चं आहेत, त्यातल्या एखाद्याचा पाद्री, म्हणजे रेक्टर, मरायचा आणि ती जागा पाळीने पुढच्या फेलोला मिळायची. मग घर, जमीन, उत्पन्न आणि बायको, सगळं एकदम. तुमच्या पुढचे सगळे एकेक करून मार्गी लागले, आता पाळी तुमची. आणि बाकीच्या चर्चांतले रेक्टर कसे आहेत? लालबुंद, धडधाकट, घोड्यावरून शिकारीला जाणारे. म्हातारा म्हणावा असा एकच. आमचे काका.

ज्यांनी मला पोरकी झाल्यापासून वाढवलं, ते काका. रोज सकाळी मी मांसाचं कढण करते, वाटी घेऊन त्यांच्या पलंगाशी बसते आणि चमच्याने पाजते. छातीला फ्लॅनेल बांधते. खिडकीची फट कापडाने बुजवते. मी यात तरबेज आहे, ऑगस्टिन. परवा डॉक्टर म्हणाले, "मिस पेल, तुमच्या हाताखाली हे शंभरी गाठणार बघा." मी त्यांना हसून निरोप दिला आणि कोठीत जाऊन रडले. आनंदाने की कशाने, ते विचारू नका.

काकांना आपलं काहीच ठाऊक नाही, आणि कळता कामा नये. कळलं, तर कढणाच्या प्रत्येक घोटाला त्यांना वाटेल, ही माझ्या जाण्याची वाट बघत बसली आहे. आणि ते खोटं आहे असं त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

मी सदतीस वर्षांची आहे. काल केस विंचरताना पांढरे उपटायचे सोडून दिले, कारण मग उरलं असतं फार थोडं.

निदान एकदा "जुडिथ" तरी लिहा.

तुमचीच,
जुडिथ


सेंट वर्बर्ग कॉलेज
२० जून १८५७

प्रिय मिस जुडिथ,

मध्यंतरी पत्र लिहिता आलं नाही. तीन वेळा लिहायला बसलो. पण आपल्या मार्चच्या पत्राला उत्तर म्हणून जे लिहिलं ते प्रत्येक वेळी एकतर फार थोडं झालं, नाहीतर फार जास्त. ते सारं शेकोटीत गेलं.

हे पत्र एका कामासाठी. माझ्या खालोखाल ज्याची पाळी आहे तो फेलो, मिस्टर फॉस्डाइक, पुढच्या महिन्यात आपल्याकडच्या नदीवर मासे धरायला येतो आहे. काका जुने वर्बर्गवाले, तेव्हा एका रात्री त्याला जेवायला बोलावणं ओघाने आलंच. माणूस मनाने चांगला आहे. मात्र तो फार बोलतो. कॉलेजमधल्या काही रिवाजांविषयी तो गमतीने काही सांगू लागला, तर ते मनावर घेऊ नये ही विनंती.

बाकी सर्व क्षेम. खंड पुढे सरकतो आहे.

आपला नम्र,
ए. थर्लबी


लिटल मार्डन
१८ जुलै १८५७

मिस्टर थर्लबी,

होय, आज मीही वकिलाच्या भाषेत लिहिणार आहे.

तुमचे फॉस्डाइक आले. मासे मिळाले नाहीत, म्हणून आमच्याकडचं मटण खाल्लं आणि दुसऱ्या ग्लासानंतर सुटले. काकांना म्हणाले, "पेलसाहेब, तुमच्यावर आमच्याकडे दर वर्षी पैज लागते, माहीत आहे ना?"

काका खूश. "माझ्यावर? कसली?"

"तुम्ही नाताळ बघणार की नाही याची. डझन बाटल्या पोर्ट!"

"आमच्या वेळी अर्धाच डझन असायची. बरं, माझ्या बाजूने कोण लावतो?"

"एकटा थर्लबी. बाकी सगळं कॉलेज विरुद्ध. आणि दर वर्षी तोच जिंकतो."

"थर्लबी? तो बारा महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा? त्याला काय माझा एवढा पुळका?" असं म्हणून काका इतके हसले की पाठ चोळावी लागली. आणि माझ्या हातातलं सॉसचं भांडं गालिच्यावर पडलं.

तर अशी गोष्ट आहे. काका जगले की आपलं लग्न नाही, आणि त्या जगण्यावर तुम्ही वर्षानुवर्षं पैज लावत आलात. मी इकडे नाताळच्या दिवशी चर्चमध्ये गुडघे टेकून, काय मागावं ते न कळून नुसतीच बसते, आणि तुम्ही तिकडे आपल्या न झालेल्या लग्नाच्या बाटल्या रिचवता. निर्लज्जम् सदासुखी म्हणतात ते हेच असावं.

उत्तर द्या. आणि त्यात "समाधान" हा शब्द आला, तर पत्र तसंच परत पाठवीन.

जुडिथ पेल


सेंट वर्बर्ग कॉलेज
२१ जुलै १८५७

प्रिय जुडिथ,

मिस गाळलं आहे. रागावलेल्या माणसाशी लांबून बोलता येत नाही.

पैज खरी आहे. ती लागते ऑक्टोबरच्या अखेरीस, जेवणानंतर, शेकोटीभोवती. कोण मरेल, कोण बिशप होईल, कुणाचा घोडा लंगडेल, सगळ्यावर लागते. माझी पाळी पहिली आली त्या वर्षी आमचे ज्येष्ठ फेलो डॉक्टर क्रोकर म्हणाले, "मार्डनचा म्हातारा यंदा नाताळ बघत नाही. कोण लावतो?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते जाणार आणि मला जागा मिळणार, हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी गप्प बसलो असतो, तर त्याचा अर्थ एकच झाला असता. म्हणून मी म्हणालो, "मी लावतो. ते जगतील." पुढच्या वर्षी क्रोकरनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. एकदा जगतील म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी काय म्हणणार होतो? मग तो रिवाजच पडला. आमच्याकडे एखादी गोष्ट दोनदा झाली की तिचा रिवाज होतो.

दर नाताळाला सगळे माझं अभिनंदन करतात. मी हात मिळवतो, वर खोलीत जातो आणि दार लावून घेतो. जिंकलो म्हणजे आणखी एक वर्ष हरलो, हे मला मोजायला बोटं लागत नाहीत.

एकही बाटली मी प्यायलेलो नाही. सगळ्या माझ्या जिन्याखालच्या कपाटात आहेत. कोट ठेवायला जागा उरली नाही, म्हणून कोट खुर्चीवर असतात आणि पाहुण्याला उभं राहावं लागतं. ती वाइन मी आपल्या लग्नासाठी ठेवली आहे.

तुला सांगायची हिंमत झाली नाही. मला खूप गोष्टी सांगायची हिंमत होत नाही. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि तुझ्यावाचून मला कशातही रस उरलेला नाही, हेही त्यातच धर.

ऑगस्टिन


लिटल मार्डन
१२ ऑक्टोबर १८५७

थर्लबी,

हे पत्र म्हातारा पेल लिहितो आहे. हात थरथरतो, अक्षर लावून वाचावं.

मी म्हातारा आहे, आंधळा नाही. जो माणूस वर्षानुवर्षं माझ्या तब्येतीवर पैज लावतो, तो एकतर माझा मित्र असला पाहिजे, नाहीतर माझ्या पुतणीच्या मागे. आपण मित्र कधीच नव्हतो. उन्हाळाभर मी यावर विचार केला आणि काल जेवताना जुडिथला सरळ विचारलं. पोरगी आधी लाल झाली, मग पांढरी झाली आणि मग ताटावर डोकं टेकून अशी रडली की मला माझे कटलेट थंड होऊ द्यावे लागले. चौदा वर्षं! अहो, माझ्या घरात, माझ्या नाकाखाली! तुम्ही दोघं राजकारणात हवी होतात.

आता माझं ऐका. मीही वर्बर्गच्या त्याच जिन्यावरच्या खोल्यांत एकोणीस वर्षं काढली. तिचं नाव कॅरोलाइन. मार्डनची जागा मिळाली त्या दिवशी या घराची किल्ली खिशात घालून मी थेट तिच्या दारात गेलो. तिने मला बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "ओबाडाया, मी आता दमले. तू घरी जा." मी घरी आलो. किल्ली खुंटीला लावली. ती अजून तिथेच आहे.

तेव्हा मी राजीनामा देतो. तुम्ही या, रेक्टर व्हा, तिच्याशी लग्न करा. मला फक्त मागची खोली द्या, जिची चिमणी धुरकटत नाही ती. आणि माझा बोका सॉलोमन माझ्याजवळ झोपेल. एवढंच. हो की नाही ते कळवा. खंड लिहू नका.

ओबाडाया पेल


सेंट वर्बर्ग कॉलेज
२६ ऑक्टोबर १८५७

प्रिय जुडिथ,

काकांना वेगळं लिहिलं आहे. पण तुला मलाच सांगायला हवं.

मला हे करता येणार नाही.

रेक्टर होणाऱ्याला बिशपसमोर, बायबलवर हात ठेवून शपथ घ्यावी लागते, की या जागेसाठी मी कुणालाही काही दिलं नाही आणि काही देण्याचं कबूलही केलं नाही. मागची खोली ही कबुली आहे. तू म्हणशील, खोली ती काय, आणि बोका तो काय! मीही तेच म्हणत होतो. एका जाणत्या वकिलाला नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, देवाच्या जागेचा सौदा पाच हजार पौंडांत केला काय आणि एका पलंगात केला काय, सौदा तो सौदाच. काकांनी काही न बोलता राजीनामा दिला असता, आणि मी काही न बोलता त्यांना ठेवून घेतलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. पण आता ते लिहून बसले आणि मी वाचून बसलो. न वाचल्यासारखं कसं करू?

माझ्याजवळ दुसरं काही नाही, जुडिथ. रूप नाही, पैसा नाही, बोलणं नाही. मी खोटं बोलत नाही, एवढी एकच चीज घेऊन मी तुझ्याकडे येणार होतो. तीच दारात टाकून आत आलो, तर आत येणारा कोण?

मला क्षमा कर. करू नयेस असंही मला वाटतं.

ऑगस्टिन


लिटल मार्डन
५ डिसेंबर १८५७

ऑगस्टिन,

तुमच्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण जे सुचत होतं ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. तुमची शपथ! मी तिला घरात आणलेल्या सवतीसारख्या शिव्या देत फिरले. आता तो राग शिल्लक नाही. आता मला भीती वाटते.

महिन्याभरात काका वाळत गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पण मी रोज रिकामी वाटी परत नेत होते! मग हा माणूस सुकतो कसा? आणि परवा माझं लक्ष सॉलोमनकडे गेलं. बोका उशीसारखा फुगला आहे. त्याला पलंगाखालून बाहेर निघता येईना.

मी काल दाराआड उभी राहिले. काकांनी मी गेल्याची खात्री केली, वाटी खाली धरली आणि म्हणाले, "घ्या महाराज, आपला प्रसाद."

मी आत गेले. वाटी हिसकावून घेतली. ते मुळीच दचकले नाहीत.

"अगं, रागावू नकोस. थर्लबीला सौदा चालत नाही म्हणतो. ठीक आहे, माणूस तत्त्वाचा आहे. पण मरणात काही सौदा नाही ना? बिशपला विचारून घे."

"काका!"

"मी काय विष घेतो आहे का? ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला भूक लागेनाशी झाली, तर तो काय गुन्हा झाला? मेजावर शेवटचा पाहुणा फार वेळ बसून राहिला की घरच्यांची जेवणं अडतात. त्याने आपण होऊन उठावं. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं."

तेव्हापासून मी चमचा घेऊन बसते आणि ते तान्ह्या पोरासारखे दात घट्ट मिटून घेतात आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात. मी विनवते, ओरडते, रडते. काल मी त्यांना म्हणाले, "मला नको तुमचं हे घर, मला नको ते लग्न." ते म्हणाले, "खोटं बोलू नकोस. घरात एक तत्त्वाचा माणूस यायचा आहे."

ऑगस्टिन, तुम्ही धर्मशास्त्र शिकलात, तुम्ही सांगा. मी देवाजवळ काय मागू? ते जगोत म्हटलं तर तुम्ही जाता. मरोत म्हटलं तर मी जाते. मी कुणाच्या विरुद्ध हे कढण पाजते आहे? आणि त्यांनी एक घोट घेतला की मला जो आनंद होतो, त्याच्या पोटात काय आहे ते मला बघवत नाही.

काहीतरी करा. काय ते मला माहीत नाही. तुम्ही आयुष्यभर वाट पाहिलीत, वाट पाहण्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही. पण आता ती वाट एका माणसाच्या छातीवरून चालली आहे.

जुडिथ


सेंट वर्बर्ग कॉलेज
१० डिसेंबर १८५७

जुडिथ,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आज संध्याकाळी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवून जेवायला गेलो.

बदक होतं. डॉक्टर क्रोकर मला म्हणाले, "थर्लबी, यंदा तुमचा म्हातारा डळमळतोय असं ऐकतो. यंदा तुम्ही हरणार, आणि जिंकणारही! हा हा!" सगळे हसले. मी काटा-सुरी खाली ठेवली आणि उभा राहिलो. बावीस वर्षांत मी जेवताना मध्येच कधी उभा राहिलो नव्हतो. त्यांना वाटलं, घशात हाड अडकलं. फॉस्डाइक माझी पाठ थोपटायला उठला.

मी म्हणालो, "मिस जुडिथ पेल."

लगेच मेजावर मुठी आपटायला लागल्या. बाईचं नाव घेतलं! दंड! वाइन! बटलर पुढे झाला. मी म्हणालो, "दंड मान्य आहे. माझ्या जिन्याखालच्या कपाटात बऱ्याच बाटल्या आहेत, सगळ्या घेऊन या." आणि तो गेल्यावर म्हणालो, "मी तिच्याशी लग्न करणार आहे. फेलोशिप सोडतो आहे. आत्ता."

आमच्या संस्थापकाचा नियम असा, की फेलोने जेवताना उभं राहून पद सोडलं आणि जेवणानंतरची प्रार्थना होईपर्यंत तो खाली बसला नाही, की ते सुटलं. परत घेता येत नाही. भरल्या पोटी, वाइनच्या भरात लोक उगाच राजीनाम्याच्या धमक्या देत, त्याला आळा बसावा म्हणून हा नियम. कॉलेजचे प्रमुख, आमचे मास्टर, फार सज्जन माणूस. त्यांनी प्रार्थना म्हणायला चांगला वेळ लावला, दोनदा माझ्याकडे बघितलं. मी उभाच राहिलो. मग त्यांनी प्रार्थना म्हटली.

म्हणजे आता मी फेलो नाही. मार्डनवर माझा हक्क नाही. काका जगोत वा जावोत, त्यात माझा फायदा नाही आणि तोटा नाही. पळत जा आणि त्यांना सांग. त्यांना म्हणावं, कढण प्या. मेजावरून उठायची घाई नको, तुमच्यासाठी कुणी खोळंबलेलं नाही. कुणी वाट पाहत नाही. मी त्यांचा वारस नाही, नुसता त्यांच्या पुतणीचा नवरा होणार आहे, आणि जगतील तितके दिवस त्यांना रोज बायबलातला एक अध्याय मोठ्याने वाचून दाखवीन.

समुद्रकाठच्या एका गावात शाळामास्तरची जागा आहे. पगार जेमतेम. मुलं दगड मारतात असं ऐकलं. दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची. ग्रंथाचा दुसरा खंड होणार नाही. हे लिहिताना दुःख व्हायला हवं होतं, ते शोधतो आहे.

आपल्या लग्नाची वाइन आत्ता खाली सगळे पीत आहेत. ऐकू येतं आहे.

येतेस का माझ्याबरोबर? मी पहिल्यांदाच विचारतो आहे. चौदा वर्षांपूर्वी तूच विचारलं होतंस.

तुझा,
ऑगस्टिन


लिटल मार्डन
१० डिसेंबर १८५७

ऑगस्टिन,

काका गेले. आज दुपारी, उजेड होता तोवर.

सकाळी मी चमचा धरला नाही. मला जमेना. वाटी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले आणि डोळ्यांतून पाणी गळून कढणात पडत राहिलं. त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "आण इकडे. आता मीठ बरोबर झालं असेल." आणि सगळी वाटी प्यायले, ऑगस्टिन. स्वतःच्या हाताने, शेवटच्या थेंबापर्यंत. म्हणाले, "उद्यापासून रोज पिईन, झालं समाधान?" सॉलोमनला काही दिलं नाही. मग जरा पडतो म्हणाले.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं होतं, कढण पिऊन आणि न पिऊन सारखंच. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की खरंच, ते मी कधीच विचारणार नाही.

तुम्ही आता मार्डनचे रेक्टर. या. एकाच कागदावर मी ही दोन वाक्यं लिहिते आहे आणि माझा हात गळून पडत नाही.

जुडिथ


केंब्रिज
१२ डिसेंबर १८५७

जुडिथ,

तुझं पत्र आत्ता मिळालं. माझं तुला मिळालं की नाही कळत नाही, दलदलीचा रस्ता पाण्याखाली आहे म्हणतात.

मिळालं नसेल तर इथेच वाच. मी रेक्टर नाही. त्याच संध्याकाळी, ते जाऊन काही तास झाल्यावर, मी सगळ्यांसमोर फेलोशिप सोडली. जागा मिळते ती फेलोलाच, तेव्हा ती आता फॉस्डाइकला जाईल. तो रडला. त्याचीही एक जण सात वर्षं वाट बघते आहे, हे मला आजच कळलं. एका जिन्यावर राहून आम्ही एकमेकांपासून हे लपवत होतो.

आयुष्यभर थांबलो, आणि एक संध्याकाळ थांबलो नाही. तुझं घर मी घालवलं. जिथे तू वाढलीस ते घर, त्या माणसाने रिकामं करून दिलेलं. मास्टरना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना झाली, आता देवही काही करू शकत नाही.

मी दहाला लिहिलेला प्रश्न मागे घेतो. तो विचारला तेव्हा मला वाटलं होतं, की मी काहीतरी सोडतो आहे. आता कळतं, की सोडण्यासारखं जे होतं ते तुझं होतं. तू मोकळी आहेस. तुझ्यावर कसलंही बंधन नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटते.

ए. थर्लबी


लिटल मार्डन
१५ डिसेंबर १८५७

प्रिय ऑगस्टिन,

पुन्हा "ए. थर्लबी"? वकीलसाहेब, खबरदार.

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम आली, होडीतून, काकांच्या अंत्ययात्रेच्या सकाळी. शवपेटी अभ्यासिकेत होती. लोक यायला अवकाश होता. मी दार लावून घेतलं, पेटीजवळ स्टूल ओढलं आणि तुझं दहा तारखेचं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बदक, बटलर, सगळं. "कुणी वाट पाहत नाही" हे दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं. त्या सकाळी त्यांनी माझ्यासाठी कढण प्यायलं, त्या संध्याकाळी तू त्यांच्यासाठी पद सोडलंस, आणि माझं तर आदल्या आठवड्यातच सांगून झालं होतं, मला ते घर नको म्हणून. तिघांनीही सोडलं, आणि कुणाचं कुणाला कळलं नाही! मी हसायला लागले. पेटी उचलायला आलेली माणसं दारात टोप्या काढून उभी होती. त्यांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

काका असते तर म्हणाले असते, गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. आणि पैज हरलास ती वेगळीच. क्रोकरच्या बाटल्या देऊन टाक. बाकी ठेवू नकोस.

आता नीट ऐक. आयुष्यभर तुझं वरातीमागून घोडं. फक्त एकदा ते वरातीच्या पुढे धावलं, आणि नेमकं तेव्हाच वरातीचं घर गेलं. मला याचं दुःख आहे. खोटं बोलत नाही, आता घरात एक तत्त्वाचा माणूस येणार आहे. काकांनी मागितलेली मागची खोली मी काल उगाचच झाडून काढली. पण तू ती एक संध्याकाळ थांबला असतास, तर मी जन्मभर या घरात राहिले असते, रोज त्या खोलीवरून गेले असते, आणि काकांनी हे घर आपल्यासाठी रिकामं केलं असं मला रोज वाटलं असतं. आता हे घर फॉस्डाइकच्या बाईचं. तिला म्हणावं, कोठीची कडी वर ओढल्याशिवाय लागत नाही. आणि रडायला तीच जागा बरी.

तू म्हणतोस मी मोकळी. चौदा वर्षं मी मोकळी व्हायची वाट बघत होते, ती काय तू सोडून द्यावंस म्हणून?

तू मला विचारलंस. ते मागे घेता येत नाही. माझीही प्रार्थना म्हणून झाली आहे.

शनिवारी लिनहून सुटणाऱ्या आगगाडीने येते. स्टेशनवर ये. माझ्याजवळ कपड्यांची एक पेटी असेल आणि टोपलीत सॉलोमन. तो जड आहे, दोघांनी उचलावा लागेल. खुंटीवरची ती किल्ली मी काकांच्या हातात ठेवून दिली.

तुझी,
जुडिथ